दादांना द्यायची चिठ्ठी

मुलुंड (पूर्व),
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय मित्रा,

आईंना माझा जय भीम सांग आणि त्यांचा गुडघा आता कसा आहे तेही कळव. प्रबुद्धची बारावी अगदी तोंडावर आली असेल. त्याला म्हणावं, मीरामावशीच्या शुभेच्छा आहेत, पण आईपासून मोबाइल लपवायची नवी युक्ती मागू नकोस, मावशीचा साठा संपला.

कागदावरचं पत्र बघून तुला नवल वाटेल. पार्ल्याच्या कॉलेजात असताना मे महिन्याच्या सुट्टीत आपण लिहायचो, त्यानंतर हे पहिलंच. मेसेज करून पाहिले. तू ते वाचतेस एवढं निळ्या खुणांवरून दिसतं. फोन करणार होते, पण फोनवर अडचणीचं काही आलं की मी विषय बदलते, हे तुला पंचवीस वर्षं माहीत आहे. कागदावर विषय बदलला की निदान खाडाखोड दिसते.

इकडे सगळं ठीक. सुशांतची बदली टळली, त्यामुळे तो दोन दिवस खूश होता आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा ऑफिसला नावं ठेवायला लागला. कुंडीतल्या कढीपत्त्याला नवी पालवी आली आहे. दादा बरे आहेत.

'दादा बरे आहेत' हे खोडणार होते. राहू दे. तशी वडिलांची तब्येत बरी आहे. पण बारा डिसेंबरपासून ते साकीनाक्याच्या गाळ्यावर गेलेले नाहीत. सकाळी साडेपाचला उठतात, दाढी करतात, ती खाकी पँट चढवतात आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसतात. हातात त्या वाकलेल्या पट्ट्यांपैकी एक असते. ती उजेडात फिरवत राहतात. परवा मला म्हणाले, "मीरा, ह्यो रंग तुका कसो दिसता?"

मी त्यांच्या समोर जाऊन, ओठ नीट हलवून म्हटलं, "जांभळाच्या सालीसारखा."

"माका पण तसोच दिसता," ते म्हणाले. "मगे चुकला खय?"

मी चहा ठेवायला आत गेले.

गेल्या महिन्यात त्यांनी हट्टाने डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, शहात्तराव्या वर्षी असे डोळे मी पाहिले नाहीत. ते मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, तर म्हणाले, "डाक्टराक काय कळता लोखंडातला. डोळो गेलो माजो." शेजारच्या गाळ्यातला नितेश बरेच दिवस मागे लागला होता, त्याला आता दादांनी होकार दिला आहे. पंधरा तारखेला कागदांवर सह्या आहेत. भट्टी, तेलाची टाकी, लेथ, सगळं त्याचं. नितेशला तिथे मोबाइलची कव्हरं छापायची आहेत.

तुला हे कळवावं असं वाटलं. कारण ती भट्टी तुला आवडायची.

आमच्या तंत्रज्ञान केंद्रात परवा नव्या मुलांचं प्रशिक्षण होतं. मी माझं ठरलेलं भाषण केलं. चेंबूरला प्रयोगशाळा आहे, साकीनाक्याला गाळे आहेत, मधे रस्ता फार तर दहा किलोमीटरचा. पण प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट गाळ्यापर्यंत पोचायला वीस वर्षं लागतात, कारण इकडचा माणूस आकड्यांत बोलतो आणि तिकडचा हातांनी. गाळेवाल्याला शास्त्रज्ञाची भीती वाटते आणि शास्त्रज्ञाला गाळेवाल्याच्या अंदाजाची. मधे बसणारं कुणीतरी लागतं, दोघांनाही ओळखणारं, दोघांचंही न झालेलं. पहिल्या तीन भेटी आपल्यासमोर व्हायला हव्यात, हा आपला नियम. आणि चांगला मध्यस्थ कोण? तर ज्याच्यावाचून चौथी भेट होते तो.

प्रांजल नावाची एक मुलगी आहे, जरा आगाऊ. तिने विचारलं, "मॅडम, पण मग चौथ्या भेटीच्या दिवशी आपण कुठे जायचं?"

सगळे हसले. मी म्हटलं, "दुसरी जोडी शोधायला." ते लिहूनसुद्धा घेतलं दोघांनी. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही गं.

आपली चौथी भेट तुला आठवते? मला तारीखसुद्धा आठवते, सोळा जुलै.

त्याआधीच्या तिन्ही वेळा मी मधे बसले होते. कृत्रिम पावलाच्या आत बसवायची पोलादाची पट्टी तुमच्या प्रयोगशाळेने तयार केली होती आणि ती कमी खर्चात, शंभर-दोनशेच्या संख्येने करून देणारा कुणी मिळत नव्हता. तीन कारखान्यांनी नाही म्हटलं, म्हणून मी तुला दादांकडे आणलं. मिलच्या विणकाम खात्यात, मागांच्या खडखडाटात जोडणी करता करता त्यांचे कान गेले, पण लोखंड तापवून त्याला पाणी देण्यातला त्यांचा हात मिलबाहेरच्या लोकांनासुद्धा माहीत होता. पहिल्या दिवशी तू म्हणालीस, "दोनशे ऐंशी अंशांवर वीस मिनिटं." दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओठ हलवून सांगितलं. ते म्हणाले, "आकडे नको माका. रंग सांग."

मग मी तो तक्ता केला. एका बाजूला तुझे अंश, दुसऱ्या बाजूला दादांचे रंग. पाणी दिलेली पट्टी घासून, पुन्हा हलकेच तापवली की तिच्यावर रंग चढत जातात, ते दादांनी त्यांच्या शब्दांत सांगितले आणि मी लिहिले: गवती चहा, काजूचा पिवळा, कोकमाची फोड, जांभळाची साल, मोरपीस. जांभळाच्या सालीला पट्टी बाहेर काढायची. दोन महिन्यांत तुमच्या पट्ट्या जमायला लागल्या. तो तक्ता मी तीन परिषदांत दाखवला. खरं सांगू, एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक काम.

सोळा जुलैला मला अंधेरीहून निघायला उशीर झाला. तुला मेसेज केला होता की थांब, मी आल्याशिवाय सुरू करू नकोस, दादांना ऐकू येणार नाही. गाळ्याच्या दाराशी पोचले तर आतून हसण्याचा आवाज. दादांचं हसणं मी ओळखलंच नाही. वाटलं, नितेश आला असेल.

भिंतीला टेकवलेल्या काळ्या पत्र्यावर तू खडूने लिहीत होतीस. वरपासून खालपर्यंत तुझं अक्षर. तू लिहायचीस, ते वाचायचे आणि मोठ्याने उत्तर द्यायचे, की तू ओल्या फडक्याने पुसून पुढचं लिहायचीस. इतकं सोपं. मापं काढायचा खडू तर त्या गाळ्यात कायमच पडलेला असतो.

मी तिसरीत असल्यापासून त्यांचे कान आहे, मित्रा. रेशनचं दुकान, बँक, लग्नाची बोलणी, डॉक्टर. कुणीही काही बोललं की दादा आधी माझ्याकडे बघणार. सुशांत मला घरची टेलिफोन ऑपरेटर म्हणतो, आणि मी चिडत नाही, मला बरं वाटतं. एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर खडू धरावा हे मला सुचलं नाही. तुला चौथ्या दिवशी सुचलं.

दादा मला म्हणाले, "ये गो. ह्यां चेडू बघ, किती हुशार आसा." मी हसले आणि म्हणाले, हो, हुशार आहेच.

पुढचं आज लिहवत नाही. कपडे वाळत घालायचे आहेत.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

कपडे त्याच दिवशी वाळले. पत्र चार दिवस फ्रिजवर पडून होतं.

वरचं वाचून तुला वाटेल, मीरा रुसली होती एवढंच. तसं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर मी काय करत होते ते सांगते. मी मोजत होते. तू गाळ्यावर किती वेळा गेलीस, त्यातल्या किती वेळा मला कळवलंस. दादा जेवताना तुझं नाव किती वेळा काढतात. "संघमित्रान् सांगल्यान," "संघमित्राक इचारूक व्हया." तू त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणलीस, ते डबा धुऊन ठेवत आणि त्यात उकडलेल्या फणसाच्या आठळ्या भरून देत. त्यांनी तुला भट्टीच्या दारापाशी उभं केलं आणि रंग ओळखायला शिकवलं. मला कधी त्या दारापाशी उभं केलं नव्हतं. लहानपणी म्हणायचे, लांब रहा, भाजशील. तुला नाही का भाजणार?

हे कुणाला सांगणार? सुशांतला सांगितलं असतं तर म्हणाला असता, तुझ्या वडिलांशी कुणी चांगलं बोललं तर तुझं काय जातं. बरोबरच आहे. काही जात नव्हतं. कामावर तर माझं कौतुक होत होतं, वार्षिक अहवालात तुम्हा दोघांचा फोटो आला आणि खाली माझं नाव. मी तो फोटो बघत बसायचे. तुझे वडील, राजारामकाका, गेल्यावर तू किती एकटी पडली होतीस ते मी पाहिलं आहे. तुला कुणीतरी वडिलांसारखं भेटलं याचा आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही थोडा. पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी चढत गेलं, रंग चढावा तसं, आणि मला ते वेळेवर थांबवता आलं नाही.

आता चौदा नोव्हेंबर.

तू हैदराबादला प्रशिक्षणाला निघाली होतीस, दोन आठवड्यांसाठी. जाता जाता प्रयोगशाळेच्या गेटवर मला एक घडी घातलेली चिठ्ठी दिलीस. वर लिहिलं होतं, 'दादांना'. म्हणालीस, "मीरा, एवढी आजच त्यांना दे. फोनवर त्यांना कळायचं नाही. चाचणीच्या चाळीस पट्ट्या येत्या आठवड्यात तापवायच्या आहेत."

मी रिक्षात ती उघडली. बंद नव्हतीच, नुसती घडी. आणि आजवर दादांच्या नावाचं जे जे आलं ते मीच आधी वाचत आले आहे.

तू लिहिलं होतंस:

'दादा, नवीन आलेलं पोलाद तपासलं. यात क्रोमियम जास्त आहे. त्यामुळे रंग उशिरा चढणार. जांभळाच्या सालीची वाट पाहिलीत तर पट्टी जास्त तापेल आणि मऊ पडेल. या खेपेला काजूचा पिवळा दिसला की लगेच बाहेर काढा. कोकमापर्यंतसुद्धा जाऊ नका. रुक्मिणीबाईंनी मिलच्या गेटवरून तुमचा डबा परत नेला होता ती गोष्ट आठवून काल बसमध्ये एकटीच हसले. पुढची राहिलेली अर्धी मी आल्यावर सांगायची. तुमची, संघमित्रा.'

मी ती चार वेळा वाचली. आधी तक्ता दिसला. माझा तक्ता, पण माझ्याशिवाय. एकही आकडा नाही. तू थेट काजू आणि कोकमात लिहायला लागली होतीस. तुमच्या दोघांच्या मधे पोचवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं, फक्त कागद उरला होता.

आणि मग ती डब्याची गोष्ट. आईने मिलच्या गेटवरून डबा परत नेला होता? कधी? का? मला माहीत नाही. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, या अकरा वर्षांत दादा तिच्याबद्दल माझ्याशी अवाक्षर बोललेले नाहीत. मी समजत होते, त्यांना बोलवत नाही. तुझ्याशी बोलवत होतं. अर्धी गोष्ट सांगून झाली होती आणि अर्धी तुझ्यासाठी राखून ठेवली होती.

मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. घरी गेल्यावर दादा विचारत होते, "संघमित्रा गेलां काय हैदराबादेक? काय सांगल्यान?" मी म्हटलं, "काही नाही. पोचल्यावर कळवेन म्हणाली."

विसरले, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. सोमवारी पर्समधून चिठ्ठी काढून ऑफिसच्या फायलीत ठेवली, विसरणारं माणूस असं करत नाही. मंगळवारी दादा पट्ट्या तापवायला बसले. मला ठाऊक होतं. मी त्या दिवशी त्यांना डबा करून दिला.

मी काय होईल असं समजत होते, तेही लिहिते. मला वाटलं, पाच-दहा पट्ट्या बिघडतील. तुमच्यात गोंधळ होईल. मग दोघंही माझ्याकडे याल. मी मधे बसेन आणि सोडवेन. बस, एवढंच हवं होतं मला.

एकोणतीस तारखेला आमच्या हॉलमध्ये चाचणी झाली तेव्हा तू परतली होतीस. ते धोंडू नावाचे वॉचमन आठवतात, भांडुपचे? नवा पाय लावून तीन पावलं चालले, चौथ्याला पट्टी वाकली ती वाकलीच, आणि ते खाली बसले. कोपर खरचटलं. तरी हसून म्हणाले, "मॅडम, ह्यो पाय माझ्यासारखाच हाय. एकदा बसला की उठत नाय." सगळे हसले. दादांना ते ऐकू आलं नाही. त्यांना फक्त पडलेला माणूस दिसला आणि हसणारे लोक दिसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काय म्हणाले ते सांग म्हणून. मी नजर खाली घातली.

तू मला जिन्यात गाठलंस. विचारलंस, "चिठ्ठी दिली होतीस ना त्यांना?"

मी म्हटलं, "दिली."

तुझा चेहरा कसा झाला ते मला आठवतं. तू म्हणालीस, "मग त्यांनी ऐकलं का नाही माझं?" आणि मी म्हटलं, "जुनी माणसं गं. स्वतःच्या डोळ्यावर फार भरवसा. तू आता त्यांना काही विचारू नकोस, ते खचतील." तू नाही विचारलंस. त्यांची लाज राखलीस. पण अहवालात लिहावं लागलं, 'कारागिराने लेखी सूचना पाळली नाही', आणि काम वसईच्या कारखान्याकडे गेलं.

बारा डिसेंबरला तो इंग्रजीतला अहवाल दादांना वाचून कोणी दाखवला? मीच. त्यांनी विचारलं, "खयची सूचना?"

मी ओठ नीट हलवून सांगितलं, "रंगाची. रंग नीट बघा, ही."

म्हणून ते डोळे तपासून आले, मित्रा. म्हणून गॅलरीत बसून पट्टी फिरवतात. रंग त्यांनी बरोबरच पाहिला होता. जांभळाची साल म्हणजे जांभळाची सालच होती. त्यांचा डोळा गेलेला नाही, आणि तू सांगितलं नाहीस असंही नाही. दोन्ही बाजूंनी सगळं बरोबर होतं. चूक मधे होती.

तू मला काय म्हणशील याची कल्पना मी रोज करते. काहीही म्हण. पण अहवालातली ती ओळ बदलायला हवी. मी उद्या आमच्या संचालकांना लेखी देणार आहे की सूचना माझ्याकडे होती आणि मी ती पोचवली नाही. त्याची प्रत तुझ्या प्रयोगशाळेला येईल. पुढे केंद्रात मला ठेवतील की नाही, माहीत नाही.

दादांनाही सांगायचं आहे. ते अजून झालेलं नाही.


रविवार, ९ फेब्रुवारी

संचालकांना शुक्रवारी लिहून दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि "बसा" म्हणाले. बाकीचं महत्त्वाचं नाही.

काल सकाळी दादांना सांगितलं. तोंडाने नाही. सांगायला गेले तर मला भीती वाटली की बोलता बोलता मी पुन्हा काहीतरी मऊ करून सांगेन. म्हणून तुझी चिठ्ठी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सोबत माझा एक कागद. त्यावर एवढंच लिहिलं होतं: 'ही १४ नोव्हेंबरला आली. मी दिली नाही. मुद्दाम.'

त्यांनी आधी तुझी वाचली. दोनदा. मग हातातली पट्टी उजेडात धरली, खाली ठेवली. मला वाटलं, हसले. काजू कुठे आणि कोकम कुठे हे त्यांना लगेच कळलं असणार. मग माझा कागद वाचला.

तो घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवला. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुज्या आवशीच्या वक्ताक पण तू ह्यांच केललंस."

मित्रा, हे मी तुलाही कधी सांगितलेलं नाही. आई हॉस्पिटलात होती तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, चार-पाच दिवस. दादांनी माझ्याकडे बघितलं आणि मी सांगितलं, आठवड्यात घरी सोडतील. दादा निर्धास्त होऊन गाळ्यावर जात राहिले. चौथ्या दिवशी दुपारी ते गाळ्यावर असताना आई गेली. मला वाटत होतं, डॉक्टरांचाच अंदाज चुकला असं त्यांनी धरलं असेल. त्यांना माहीत होतं. अकरा वर्षं त्यांना माहीत होतं आणि तरीही कुणी बोललं की ते माझ्याकडेच बघत आले, कारण दुसरं कुणी नव्हतं. तू येईपर्यंत.

आता आईबद्दल ते माझ्याशी का बोलत नाहीत, तेही कळलं.

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी मान गॅलरीकडे फिरवली. तुला हे कळेल की नाही कोण जाणे, पण दादांनी मान फिरवली की माझा आवाजच बंद होतो. त्यांच्याशी बोलायला त्यांचे डोळे लागतात. कालपासून ते माझ्याकडे बघत नाहीत. सुशांतने वाढलं, जेवले. आज सकाळी नितेश सह्यांबद्दल विचारायला आला, तर त्याला म्हणाले, "थांब जरा." किती थांब ते सांगितलं नाही. पण खिळ्यावरची गाळ्याची किल्ली जाग्यावर नाही. त्यांच्या खाकी पँटच्या खिशात ती जड दिसते आहे.

दुपारी त्यांनी सुशांतकडे कागद-पेन मागितलं. गॅलरीत बसून लिहीत होते. एवढं मोठं लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, एका ओळीला पाच मिनिटं. लिहून झाल्यावर घडी घातली. मग उठले, स्वयंपाकघरात येऊन फडताळ उघडलं, डिंकाची बाटली शोधली आणि घडीच्या कडांना, आडव्या-उभ्या, चारी बाजूंनी डिंक लावला. अंगठ्याने दाबून दाबून चिकटवला. वर लिहिलं, 'संघमित्रास'. मी ओट्यापाशीच उभी होते. त्यांनी ती चिठ्ठी माझ्या हातात दिली, आणि तेवढ्यापुरतं माझ्याकडे बघितलं.

सुशांतच्या हातात देता आली असती. मला दिली. त्याचा अर्थ मी लावत बसले आहे आणि लावायचा नाही असंही ठरवते आहे.

ती या पत्रासोबत ठेवते आहे. तुझी चिठ्ठी त्यांच्यापाशीच आहे, त्यांनी ती खिशात ठेवली.

मी त्यांचं उत्तर उघडलेलं नाही. उजेडात धरून पाहिलं, दोनदा. तेवढं कबूल करते. कागद जाड आहे, काही दिसत नाही. त्यात डब्याची राहिलेली अर्धी गोष्ट असेल का, हाच विचार येतो. तुला लिहिली असेल, मला नाही, हा विचार अजूनही पोटात जळतो. इतकं सगळं झाल्यावरही जळतो, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. ती गोष्ट तू मला सांगू नकोस. मी एक खडूंची पेटी आणली आहे. ते पुन्हा बघायला लागतील तेव्हा त्यांनाच विचारेन, आणि नाही सांगितली तर नाही.

भट्टी सुरू व्हायला एक दिवस लागतो. पंधरा तारखेच्या आत आलीस तर थेट गाळ्यावर जा. मला कळवू नकोस. मी तिथे नसेन.

चिठ्ठी पोचवणारी,
मीरा